रेडस्टोनची गुप्त दारं: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले बरेच महिने मी माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या खेळात मुख्यतः एकच काम करतेय: रेडस्टोनवर (खेळातल्या विजेसारख्या वस्तूवर) चालणारी गुप्त दारं बांधणं. जावा एडिशन (संगणकावरची आवृत्ती), सर्व्हायव्हल जग (जिथे सामान स्वतः मिळवावं लागतं), मॉड, म्हणजे बाहेरून टाकलेला बदल, एकही नाही. या वापरातून एक मत पक्कं झालंय. दार भिंतीत लपवणं फारसं अवघड नाही. त्याचे ब्लॉक बरोबर क्रमाने हलवणं हे खरं काम आहे, आणि तो क्रम लॉजिक गेटमधून (सिग्नलांवरून निर्णय घेणाऱ्या जोडणीतून) जितका नीट बसतो तितका अंदाजाने रिपीटर लावून कधीच बसत नाही.

मूळ सामान थोडंच आहे. रेडस्टोनच्या धुळीतून सिग्नल १५ ब्लॉकपर्यंत जातो आणि दर ब्लॉकला एकाने कमी होतो. रिपीटर तो पुन्हा १५ वर नेतो आणि १ ते ४ टिक उशीर करतो. एक टिक म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. टॉर्च सिग्नल उलटा करते, म्हणजे नॉट गेट. दोन तारा एकत्र आल्या की ऑर गेट झालंच: कोणतीही एक चालू असली की सिग्नल जातो. अँड गेटला दोन्ही चालू लागतात. बाकी सगळं यातूनच उभं राहतं.

मी सगळ्यात जास्त बांधलेलं दार म्हणजे दोन बाय दोनचं, भिंतीशी सपाट बसणारं. बंद असताना साधी दगडी भिंत दिसते. उघडताना चार ब्लॉक आधी एक घर मागे जातात, मग दोन-दोन करून बाजूला सरकतात. एका बाजूच्या एका ओळीला तीन स्टिकी पिस्टन (ब्लॉकला ढकलून परत ओढणारे) लागतात: एक ब्लॉकला पुढे-मागे करणारा, दुसरा त्या पिस्टनलाच बाजूला ओढणारा आणि तिसरा ब्लॉकला बाजूला ओढणारा. दोन ओळी, दोन बाजू, म्हणजे एकूण १२. प्रत्येक बनवायला एक स्लाइमबॉल (स्लाइम या प्राण्यापासून मिळणारा चिकट गोळा), त्यामुळे सर्व्हायव्हलमध्ये दलदलीतल्या फेऱ्या ठरलेल्याच.

आता क्रम पाहा. उघडताना पुढचे पिस्टन आधी मिटले पाहिजेत, बाजूचे नंतर. बंद होताना बरोबर उलटं: बाजूचे आधी, पुढचे नंतर. नुसता रिपीटर लावला तर दोन्ही वेळा एकच गट आधी हलतो आणि दार एका दिशेला अडकतं, कारण बाहेर आलेला पिस्टन दुसऱ्या पिस्टनला हलवता येत नाही. उपाय इतका सुंदर आहे की मी तो प्रत्येक नव्या माणसाला आधी दाखवते. दार बंद ठेवणारा सिग्नल घ्यायचा आणि त्याचीच ४ टिक उशिराची प्रत काढायची. मूळ आणि प्रत यांचा ऑर बाजूच्या पिस्टनना द्यायचा, अँड पुढच्या पिस्टनना. सिग्नल आला की ऑर लगेच चालू होतो, अँड उशिरा. सिग्नल गेला की अँड लगेच सुटतो, ऑर उशिरा. झालं, दोन्ही दिशांचा क्रम आपोआप लागला. टॉर्चवाल्या अँड गेटचे स्वतःचे २ टिक जातात, म्हणून उशीर ४ पेक्षा कमी ठेवू नका.

कुलूप हा माझा आणखी आवडता भाग. आयटम फ्रेममधली (वस्तू टांगायच्या चौकटीतली) वस्तू आठ दिशांना फिरते आणि फ्रेमच्या ब्लॉकमागे लावलेला कम्पॅरेटर (ब्लॉकची स्थिती सिग्नलच्या आकड्यात सांगणारा भाग) दिशेप्रमाणे १ ते ८ सिग्नल देतो. समजा आकडा ५ हवा आहे. कम्पॅरेटरपासून धुळीची रांग काढली की पाचव्या घरापर्यंत ती पेटते आणि सहावं घर विझलेलं राहतं. आकडा बरोबर असल्याची खूण हीच. पाचव्या घराचा सिग्नल टॉर्चने उलटा करायचा, सहाव्याचा तसाच घ्यायचा आणि दोन्ही रिपीटरमधून एका सामायिक तारेवर सोडायचे. रिपीटर गाळला तर सामायिक तारेतली वीज रांगेत परत शिरते आणि सगळे आकडे बिघडतात. अशा तीन फ्रेम एकाच तारेला जोडल्या की ५१२ जुळण्या होतात आणि एकही फ्रेम चुकीची असेल तर तार पेटलेली राहते. तार विझली तरच आकडे बरोबर! फक्त त्यासोबत एक बटण अँड करून घ्या, म्हणजे बटण दाबल्याशिवाय दार हलणार नाही. फ्रेम एकाच दिशेने फिरते, त्यामुळे आकडा शोधणारा माणूस बरोबर जुळणीवरून पुढे जाताना दार हललं तर त्याला आयताच सुगावा लागतो.

ज्यांना वाचनालयासारखी खोली आवडते त्यांच्यासाठी चिझल्ड बुकशेल्फ (सहा कप्प्यांचं पुस्तकांचं कपाट) उत्तम किल्ली आहे. २०२३ च्या १.२० आवृत्तीमध्ये तो आला. शेवटचं पुस्तक कोणत्या कप्प्यात ठेवलं किंवा कोणत्या कप्प्यातून काढलं ते कम्पॅरेटर १ ते ६ मध्ये सांगतो. मात्र जावात हा ब्लॉक पिस्टनने हलत नाही, म्हणून सरकणाऱ्या भागात साधे बुकशेल्फच ठेवा.

आता तक्रारी. खेळ रेसिपी दाखवतो, पण कुठला भाग कसा वागतो ते जवळजवळ सांगतच नाही. स्टिकी पिस्टनला अगदी छोटा, एका टिकचा सिग्नल मिळाला तर जावात तो ब्लॉक पुढे टाकून एकटाच मागे येतो. हे माहीत असेल तर छानच वापरता येतं, नसेल तर दारात मधेच एक दगड उभा दिसतो आणि कारण सापडत नाही. सुरुवातीला ४ टिकचा रिपीटर ठेवला की छोटा सिग्नल लांबतो. दुसरी गोष्ट, जावात पिस्टनच्या वरच्या जागेला वीज मिळाली तरी पिस्टन चालतो; बेडरॉक एडिशनमध्ये (मोबाइल, कन्सोलवरही चालणाऱ्या दुसऱ्या आवृत्तीत) तसं होत नाही. त्यामुळे एका एडिशनचा नकाशा दुसऱ्यात जसाच्या तसा चालेल असं धरून चालू नये. आणि सर्किट दोन चंकांच्या (खेळ जगाचे जे तुकडे लागतील तसे उघडतो आणि बंद करतो त्यांच्या) सीमेवर पसरवू नका. दार हलत असताना एक चंक बंद झाला तर अर्धं सर्किट जुन्या स्थितीत राहू शकतं. जावात एफ३ आणि जी एकत्र दाबलं की सीमा दिसतात.

दुरुस्तीसाठी टिक कमांड आली तेव्हापासून, म्हणजे १.२०.३ पासून, कामाचं रूपच बदललं. चीट, म्हणजे खास आज्ञा, चालू असलेल्या जगात वेळ गोठवायची आणि एकेक पाऊल पुढे न्यायची. कोणता पिस्टन आधी निघाला ते डोळ्यांनी दिसतं. मी दाराची प्रत वेगळ्या क्रिएटिव्ह जगात (जिथे सामान हवं तितकं मिळतं) बांधून तिथे हे तपासते, मगच सर्व्हायव्हलमध्ये हात घालते.

लपवण्याबद्दल थोडंच सांगते. गवताच्या टेकडीत दार करायचं असेल तर ते फार वेळ उघडं ठेवू नका. आत सरकलेल्या गवताच्या ब्लॉकवर भरीव ब्लॉक आला की गवत मरून माती होते आणि दार मिटल्यावर हिरव्यात तपकिरी ठिगळ दिसतं. ग्लेझ्ड टेराकोटाला पिस्टन ढकलतो पण परत ओढत नाही, ऑब्सिडियन तर जागचा हलतही नाही. साधा दगड सगळ्यात विश्वासाचा. पिस्टनचा आवाज मात्र कशानेही लपत नाही. लोकर आवाज लपवते तो फक्त स्कल्क सेन्सरपासून, म्हणजे कंपनं ओळखणाऱ्या ब्लॉकपासून. शेजारी उभ्या खेळाडूला सगळं ऐकू जातं.

१.२१ मधला कॉपर बल्ब मिळाल्यापासून चालू-बंदची स्थिती लक्षात ठेवायला मी दुसरं काही वापरत नाही. प्रत्येक सिग्नलला तो आलटून पालटून पेटतो-विझतो आणि कम्पॅरेटर त्यातून १५ किंवा ० वाचतो. आतल्या आणि बाहेरच्या बटणाला एकच बल्ब पुरतो. आतलं बटण मात्र कुलपाच्या पुढे, थेट बल्बला जोडा. बाहेर कुणी फ्रेम फिरवून ठेवल्या तरी आतल्या माणसाला दार उघडता आलं पाहिजे.