आसियान की अमेरिकेशी करार?

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या भाचीचा प्रश्न: चीन-अमेरिका ओढाताणीत आग्नेय आशियातल्या लहान देशाने आसियान या तिथल्या देशांच्या संघटनेवर भिस्त ठेवावी, की फिलिपिन्ससारखा अमेरिकेशी संरक्षण करार करावा?

किंमत पाहिली तर आसियान स्वस्त. कुणाला तळ द्यावे लागत नाहीत. फिलिपिन्सने २०२३ पर्यंत नऊ ठिकाणं अमेरिकी सैन्याला खुली केली, वर बीजिंगचा रोष.

वेगात मात्र आसियान लंगडी. सर्वसहमतीशिवाय पान हलत नाही. २०१२ मध्ये कंबोडियात नोम पेन्हला झालेल्या आसियान बैठकीत दक्षिण चीन समुद्रावरून साधं संयुक्त निवेदनही निघालं नाही. अर्थात त्याच वर्षी, फिलिपिन्सचा अमेरिकेशी १९५१ चा करार असूनही, फिलिपिन्स आपला म्हणतो त्या स्कारबरो शोल या समुद्री खडकांचा ताबा चीनकडे गेलाच!

ज्याच्या दारात चिनी गस्तीनौका आहेत, त्याला करार हवा. इंडोनेशियासारख्या दोघांशी व्यापार सांभाळणाऱ्याला आसियान सोयीची.