काट्याला साडेचार, पासिंगच्या हिशोबाला दोन

शेंगाचटणी, जवसाची चटणी, कडक भाकरी घरातून विकणाऱ्या सोलापूरच्या बायका भेटल्या की एकच विचारतात, "काटा कुठला घेतला ओ अक्का?" म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते. कंपनीचं नाव देत नाही. काट्यावरची पाटी वाचता आली तर कंपनी कुठलीही चालते, आणि पाटी न वाचता घेतला तर नावाजलेल्या कंपनीचाही काटा आपल्या कामाचा निघत नाही.

माझा काटा टेबलावर ठेवायचा आहे. वर स्टीलचं ताट, १० किलोपर्यंत तोलणारा, १ ग्रॅमचा. आकडे दोन्ही बाजूंना दिसतात, माझ्याकडं आणि गिऱ्हाइकाकडं. मंगळवार पेठेत साडेचार हजारांच्या आसपास पडला. दुकानदार ३० किलोचा देऊ बघत होता. "मोठा घ्या अक्का, उद्या धंदा वाढंल, किमतीत फरक नाही." किमतीत नव्हताच फरक. पण त्या मोठ्या काट्याच्या पाटीवर लिहिलं होतं : कमाल ३० किलो, किमान १०० ग्रॅम, ई बरोबर ५ ग्रॅम. म्हणजे तो पाच-पाच ग्रॅमच्या उड्या मारणार, आणि १०० ग्रॅमच्या खाली त्याच्यावर तोलूच नये. माझं चटणीचं सगळ्यात लहान पाकीट १०० ग्रॅमचं, आणि जवसाची चटणी कुणी पन्नास ग्रॅमसुद्धा मागतं. ज्वारीची पोती तोलणाऱ्याला तो काटा ठीक आहे. १ ग्रॅमच्या काट्याची किमान मर्यादा २० ग्रॅम, म्हणून मी तो घेतला.

पाटीवर आणखी दोन गोष्टी बघायच्या. एक, लंबगोलात तीन उभ्या रेघा. हा अचूकतेच्या तिसऱ्या वर्गाचा काटा, किराणा-भाजी-मिठाईला हाच लागतो. दुसरी, मॉडेल मंजुरीचा क्रमांक, 'आयएनडी'नं सुरू होणारा. ऑनलाइन हजार-बाराशेला मिळणारे स्वयंपाकघरातले काटे दिसायला गोंडस असतात, पण त्यांच्यावर हा क्रमांक नसतो आणि त्यांचं पासिंग, म्हणजे सरकारी तपासणी आणि शिक्का, होत नाही. केकचा मैदा मोजायला वापरा. त्याच्यावर तोलून विकायचं नाही.

वापराबद्दल. डोक्यावर पंखा चालू असला की शेवटचा आकडा नाचतो, म्हणून तोलताना पंखा बंद. एप्रिल-मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली पंखा बंद करणं म्हणजे काय, ते सोलापूरकरालाच विचारा. काट्याच्या एका कोपऱ्यात काचेखाली बुडबुडा आहे, तो गोलाच्या मधोमध आला पाहिजे, नाहीतर खालचे पाय फिरवायचे. बॅटरी उतरली की काही काटे गुपचूप चुकायला लागतात, हा आधी सूचना देतो, ही चांगली गोष्ट. ताट निघतं, धुता येतं. चटणीचं तेल आणि तिखट बटणांच्या फटीत जातं आणि 'टेअर'चं, म्हणजे भांड्याचं वजन वजा करून शून्य करायचं, बटण सहा महिन्यांत अडकायला लागतं. पाचपैकी अर्धा गुण मी तिथंच कापला. बटणांवर पारदर्शक प्लास्टिक चिकटवा, कंपनीनं ते द्यायला हवं होतं.

आमच्या घरात काट्याकडं बघायची नजर सासूबाईंची. त्यांनी उभी हयात विडी वळली. विडी कारखान्याच्या शाखेत पानं आणि तंबाखू तोलून मिळायचे आणि हजाराच्या हिशोबानं विड्या द्याव्या लागायच्या. पानं ओली असली की काट्यावर वजन भरायचं आणि घरी आल्यावर विड्या कमी निघायच्या. मग कमी पडलेली पानं पदरच्या पैशानं आणायची. काटा खोटा नव्हता, तोललेला माल ओला होता, आणि त्याची दाद कुठं मागायची हे बाईला माहीत नव्हतं. कुंभारीच्या विडी घरकुलात राहायला आल्यावर मी धंदा सुरू केला, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो नफ्याचा नाही. काट्यावर सरकारचा शिक्का आहे का, एवढंच त्यांनी विचारलं.

आता पासिंग. वैधमापन शास्त्र कायदा २००९ चा आहे. त्याच्या नियमांप्रमाणे इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दर १२ महिन्यांनी, आणि लोखंडी वजनं, लिटरची मापं, तागडी यांची २४ महिन्यांनी. बाजारात याला 'काटा पास करणं' म्हणतात आणि त्या खात्याला 'वजनमापवाले'. बहुतेक दुकानदार स्वतः जात नाहीत. परवानाधारक दुरुस्तीवाला येतो, काटा उचलून नेतो, शिक्का मारून आणतो, पैसे घेतो. मी मात्र काट्याबरोबर स्वतः गेले, आणि त्यामुळे जे बघायला मिळालं त्याला पाचपैकी पाच.

निरीक्षकांनी पेटीतली प्रमाण वजनं चिमट्यानं उचलून ठेवली, हातानं नाही, कारण हाताचा घामसुद्धा वजनात धरला जातो. आधी शून्य बघितलं. मग लहान वजनापासून मोठ्यापर्यंत चढत गेले. मग तेच वजन ताटाच्या चारही कोपऱ्यांवर फिरवलं. शेवटी एकच वजन पुन्हा पुन्हा ठेवून आकडा तोच येतो का ते पाहिलं. माझ्या काट्याला ५०० ग्रॅमपर्यंत पासिंगच्या वेळी अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त चूक माफ नाही, रोजच्या वापरात दुप्पट, म्हणजे एक ग्रॅम. निरीक्षकांची ती वजनंही कुणीतरी तपासलेली असतात. त्यांच्यावर दुय्यम प्रमाणं, त्यांच्यावर अहमदाबाद-बंगळुरूसारख्या प्रादेशिक प्रयोगशाळांतली संदर्भ प्रमाणं, आणि सगळ्यांच्या वर नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा. माझ्या ओट्यावरचा ग्रॅम असा टप्प्याटप्प्यानं दिल्लीला बांधलेला आहे, हे ऐकून मला खरंच बरं वाटलं. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, आमच्या वेळी शाखेच्या दारापर्यंतसुद्धा बांधलेला नव्हता.

तपासणी झाली की तार ओवून शिशाचं सील दाबतात. सीलवर वर्ष असतं आणि ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, असं पुढं. भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर गेल्याच्या गेल्या वर्षाचं 'बी' दिसलं, तर त्याचं पासिंग कधीच संपलंय. हे वाचायला शिक्षण लागत नाही, पण मला आजवर एकाही गिऱ्हाइकानं सील दाखवा म्हटलेलं नाही. पडताळणीचं प्रमाणपत्र दुकानात सगळ्यांना दिसेल असं लावायचं असतं. माझं ओट्यावर आहे, त्याच्या शेजारी सिद्धेश्वरांचा फोटो. लोक फोटोला हात जोडतात आणि प्रमाणपत्र वाचत नाहीत.

इथवर सगळं गोड. आता पैशाचं.

दुरुस्तीवाल्यानं मला एक गोळा आकडा सांगितला. त्यात सरकारी फी किती आणि तुमची मजुरी किती, असं विचारल्यावर म्हणाला, "तेवढं काय बघताय अक्का, सगळे देतात." फीचा तक्ता राज्याच्या नियमांना जोडलेला आहे, तो छापील आहे, गुपित नाही. कार्यालयात विचारला तर दाखवलाही, कुणी हिडीसफिडीस केलं नाही. तिथं पाहिलं तर सांगितलेला आकडा फीच्या जवळपास तिप्पट. त्याची मजुरी मला मान्य आहे. तो काटा उघडतो, साफ करतो, दुरुस्त करतो, गाडीवर नेतो-आणतो, दिवस मोडतो. पण मग ती मजुरी म्हणून लिहून द्यावी. त्यानं दिलेल्या चिठ्ठीवर फक्त 'पासिंग' आणि एकूण रक्कम. शंभरपैकी नव्वद दुकानदारांना वाटतं की ही सगळी सरकारची फी आहे, आणि ते सरकारला शिव्या देतात. फुकटची बदनामी सरकारच्या वाट्याला, वरचे पैसे याच्या खिशात.

माझं म्हणणं एवढंच आहे. दुरुस्तीवाल्याला परवाना सरकारच देतं. त्या परवान्याच्या जोरावर तो दारात येतो. मग त्यानं फी आणि मजुरी वेगळी लिहून द्यावी, ही अट घालणं आणि ती पाळली जाते का बघणं सरकारचंच काम. माझ्या २०० ग्रॅमच्या पाकिटावर मी उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसहित कमाल किंमत, तक्रारीसाठी फोन, सगळं छापायचं. त्या पाकिटाला वजनात ९ ग्रॅमची सूट आहे, घट त्यापेक्षा जास्त निघाली तर मी दोषी. ठीक आहे, कायदा आहे, मी पाळते. पण मला नऊ ग्रॅमचा हिशोब द्यायला लावणाऱ्या व्यवस्थेनं तिनंच परवाना दिलेल्या माणसाकडून तीन ओळींची पावती घेऊ नये?

हे फक्त काट्याचं नाही. पाकिटबंद माल विकणाऱ्याची नोंदणी, अन्न नोंदणी, दुकानाची सूचना, सगळीकडं एजंट आहे. मी अन्न नोंदणी केली तेव्हा सरकारी फी वर्षाला १०० रुपये होती आणि एजंटनं दीड हजार सांगितले होते. भाच्यानं मोबाइलवर बसून करून दिली. दुकानाचं तर आणखी सोपं. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मोजकेच कामगार असले तर नोंदणीच नाही, नुसती ऑनलाइन सूचना द्यायची. तरी नव्या पेठेत 'शॉप अ‍ॅक्ट काढून मिळेल' अशी पाटी पावलोपावली दिसते.

महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा. त्यात प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणानं आपल्या अधिसूचित सेवा, किती दिवसांत मिळणार, फी किती, जबाबदार अधिकारी कोण, हे फलकावर लावायचं आहे. सेवा वेळेत मिळाली नाही तर आधी त्याच खात्यात दोन अपिलं, मग राज्य सेवा हक्क आयोगाकडं तिसरं. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. कायदा चांगला आहे. शहरातल्या एका कार्यालयात, नाव लिहीत नाही आणि ते वजनमापांचं नाही, हा फलक मी शोधला तर तो कपाटाच्या मागं सापडला, फीचा रकाना बरोबर कपाटानं झाकलेला. शिपाई मामांना म्हटलं, कपाट सरकवा की. म्हणाले, "जड आहे ओ."

गिऱ्हाइकांसाठी दोन-तीन गोष्टी, कारण मीही कुणाची तरी गिऱ्हाईक आहे. मिठाई खोक्यासकट तोलत असतील तर खोकं आधी ठेवायला सांगा, टेअर दाबायला सांगा, मग मिठाई. पुठ्ठ्याचं खोकं काजूकतलीच्या भावानं घेणं परवडणारं नाही. पेट्रोलपंपावर शंका आली तर पाच लिटरच्या मापानं मोजून मागा, ते माप पंपावर असावंच लागतं. छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं, वजन कमी भरलं, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक, मराठीत बोलता येतं. तिथं नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही आणि २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दुकान पुण्याचं असलं तरी.

आणि शेतकऱ्याचं विसरू नका. २०२३ च्या फेब्रुवारीत आपल्याच मार्केट यार्डात ५१२ किलो कांदा घालून हमाली, तोलाई, भाडं वजा जाता दोन रुपयांचा चेक घेऊन गेलेला शेतकरी सगळ्या देशानं पाहिला. तिथंही काटा बरोबरच असेल. वजन खरं आणि पट्टीत, म्हणजे आडत्याच्या हिशोबाच्या चिठ्ठीत, काय काय वजा झालं ते बघून डोकं फिरतं, असं होतं ते. निदान त्या पट्टीत प्रत्येक रक्कम वेगळी लिहिलेली होती, म्हणून तर देशाला कळलं.

तर गुण. काट्याला पाचपैकी साडेचार, बटणासाठी अर्धा कापून. निरीक्षकांच्या तपासणीला पाच. पासिंगच्या पैशाच्या व्यवहाराला दोन, तेही तक्ता मागितल्यावर दाखवला म्हणून. घरगुती धंद्याला १० किलो, १ ग्रॅमचाच घ्या, बारा महिने संपायच्या आत पास करून घ्या, आणि जमलं तर स्वतः सोबत जा.

यंदाचं पासिंग जवळ आलंय. दुरुस्तीवाल्याला फोन करून आधीच सांगितलं की दोन वेगळ्या पावत्या पाहिजेत, सरकारची सरकारच्या नावानं आणि तुमची तुमच्या नावानं. "बघू की अक्का," म्हणाला. मग थोडं थांबून विचारलं, "दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही न्हवं?"

घरकुलातल्या सगळ्या बायकांना सांगितलंय.