लोटेरियाचे पत्ते दुसरीच्या वर्गात: वर्षभराच्या वापरानंतर

न्यू जर्सीतल्या एका सरकारी शाळेत मी दुसरीला शिकवते. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा इथे हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांशी नातं असलेल्या लोकांचा वारसा महिना. त्यासाठी आम्ही भिंतीवर शब्द लावायचो: पिन्याता (खाऊ भरलेलं, काठीने फोडायचं खेळणं), फिएस्ता (सण), सोम्ब्रेरो (रुंद काठाची टोपी). महिना संपला की कागद निघायचे आणि मुलं शब्दही विसरून जायची. म्हणून गेल्या सप्टेंबरात लोटेरियाचा संच आणला आणि शाळा सुटेपर्यंत जवळजवळ दर शुक्रवारी शेवटच्या तासाला खेळवला. घ्यावा का, तर हो, जरूर घ्या. फक्त खोक्यातून काढून तसाच मुलांपुढे ठेवू नका.

लोटेरिया हा मेक्सिकोत घरोघरी चालणारा खेळ, चित्रांची हाउसीच म्हणा. पत्ते ५४, आणि प्रत्येकापुढे १६ चित्रांचा एक तक्ता. आज सगळ्यांच्या ओळखीची असलेली चित्रं १८८७ सालच्या क्लेमेंते झाक यांच्या संचातून आलेली आहेत. खेळाची खरी मजा पुकारणाऱ्यात आहे. तो नुसतं नाव घेत नाही, चित्राची एक ओळ म्हणतो. सूर्याचा पत्ता 'एल सोल' निघाला की 'ला कोबिखा दे लोस पोब्रेस', म्हणजे गरिबांचं पांघरूण. छत्रीला 'पारा एल सोल इ पारा एल आग्वा', उन्हाला आणि पाण्याला. सात वर्षांचं मूल ओळ ऐकतं, चित्र शोधतं, तोंडाने पुटपुटतं आणि तक्त्यावर दाणा ठेवतं. शब्द पाठ करा असं मला एकदाही सांगावं लागलं नाही.

नाताळच्या सुट्टीनंतर मी पुकारणं मुलांवर सोपवलं, आणि या संचाचं मोल मला तिथे कळलं. वर्गातल्या एका मुलाला घरची स्पॅनिश सगळी समजते, पण उत्तर तो इंग्रजीतच द्यायचा. ढोलाचा पत्ता, 'एल ताम्बोर', त्याच्या हाती आला तेव्हा त्याने बाकावर ठेका धरून ओळ म्हटली, आजी म्हणते तशी. पुढच्या शुक्रवारी तो आजीकडून आणखी ओळी शिकून आला. इतर मुलं उच्चार विचारायला त्याच्याकडे जाऊ लागली. त्या मुलाचा चेहरा पाहून मला जो आनंद झाला तो लिहून सांगता येणार नाही.

मराठी शिक्षकांसाठी एक सोय आहे. स्पॅनिशचे त, द, र आपल्याला आयतेच येतात. मी पत्त्यामागे ओळी देवनागरीत लिहून ठेवल्या आणि पुकारताना कधी अडले नाही.

आता सुधारायच्या गोष्टी. पारंपरिक संचात दारुडा आहे, सैतान आहे, मृत्यू आहे, आणि कृष्णवर्णीय व मूळनिवासी माणसांची जुन्या नजरेने काढलेली चित्रंही आहेत. ती लहान मुलांच्या वर्गात नकोत. नुसते पत्ते काढून भागत नाही, कारण तीच चित्रं तक्त्यांवरही असतात. मी त्यांवर स्वतःची चित्रं चिकटवली. कागद पातळ, म्हणून तक्ते लॅमिनेट केले. राजम्याचे दाणे घरंगळतात, बाटल्यांची झाकणं बरी. तक्ते दहाच येतात, त्यामुळे मुलं जोडीने खेळतात, आणि त्यात बोलणं वाढतं.

मोठी उणीव वेगळी आहे. लोटेरिया मेक्सिकोचा, आणि माझ्या वर्गातली बहुतेक कुटुंबं पोर्तो रिको, डोमिनिकन रिपब्लिक, एल साल्वादोर, पेरूची. म्हणून चिकटवलेल्या चित्रांत मी को-की असा आवाज काढणारा पोर्तो रिकोचा इवलासा बेडूक कोकी घेतला, साल्वादोरची पुपुसा, म्हणजे सारण भरलेली मक्याची भाकरी घेतली, मेरेंगे संगीतातली घासून वाजवायची धातूची गुइरा घेतली. केकच्या चित्राखाली मी 'पास्तेल' लिहिलं तेव्हा पोर्तो रिकोची मुलगी म्हणाली, हा तर बिस्कोचो! तिच्या घरी पास्तेल म्हणजे नाताळात केळीच्या पानात बांधून उकडलेला पदार्थ. आता त्या पत्त्यावर दोन्ही शब्द आहेत, आणि दोन्ही पुकारले जातात. ब्राझीलच्या मुलीने 'मी हिस्पॅनिक का?' विचारलं तेव्हा मी नकाशा काढला: तिकडे पोर्तुगीज बोलतात, म्हणून ती लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकेतली, पण हिस्पॅनिक नाही. दुसरीतल्या मुलांना हे व्यवस्थित कळतं.

महिना मध्येच का सुरू होतो, हेही मुलं विचारतात. १५ सप्टेंबर १८२१ हा कोस्टा रिका, एल साल्वादोर, ग्वातेमाला, होंडुरास आणि निकाराग्वा यांचा स्वातंत्र्यदिन, मेक्सिकोचा १६ तारखेला, चिलीचा १८ला. १९६८ साली हा सोहळा आठवड्याचा होता, १९८८ मध्ये महिन्याचा झाला. बाजारात या महिन्यासाठी मिळणारे तयार शैक्षणिक संच मेक्सिकोतला मृतांचा दिवसही याच महिन्यात कोंबतात. तो असतो १ आणि २ नोव्हेंबरला. ओफ्रेंदा, म्हणजे गेलेल्यांसाठी घरात मांडलेली वेदी, आणि सेम्पासुचिल हे शब्द मी ऑक्टोबरच्या शेवटी घेते. सेम्पासुचिल म्हणजे आपला झेंडू, तो मूळचा तिकडचाच. आमच्या दसऱ्याच्या तोरणाचा फोटो दाखवला तर मेक्सिकन मुलं खुर्चीतून उठून बघायला आली.

येत्या सप्टेंबरात पहिल्याच आठवड्यात प्रत्येक घरी एक कोरा पत्ता पाठवणार आहे. चित्र मुलाने काढायचं, शब्द आणि त्याची ओळ घरच्यांनी द्यायची. ज्यांच्या घरी स्पॅनिश नाही त्यांनी आपल्या भाषेतला द्यावा. माझ्याकडून घागरीचा पत्ता तयार आहे, ओळ अजून सुचायची आहे.