सेन्सर साफ करायचं सामान: पैसे ब्लोअरवर घाला, तपासायच्या भिंगावर नको

मी मॅक्रो फोटोग्राफी करते. कोळी, मधमाश्या, फुलांतले परागकण हे माझे विषय. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, कायम एफ/११ ते एफ/१६ (आकडा मोठा तितकं भोक बारीक), आणि १:१ ला, म्हणजे विषय सेन्सरवर (कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या भागावर) खऱ्या आकाराचा उमटतो तेव्हा, एफ/१६ म्हणजे प्रत्यक्षात साधारण एफ/३२ इतकं बारीक भोक. एफ/२ वर पोर्ट्रेट काढणाऱ्याला जी धूळ कधी जाणवणारही नाही, ती माझ्या फोटोत ठसठशीत दिसते. कारण साधं आहे. धुळीचा कण खुद्द सेन्सरवर बसत नाही, त्याच्या पुढच्या फिल्टरच्या काचेवर बसतो. अ‍ॅपर्चर मोठं असेल तर प्रकाश चहूबाजूंनी येतो आणि कणाची सावली विरून जाते. भोक बारीक झालं की तीच सावली काळा ठिपका होऊन उमटते.

फोकस स्टॅकिंगमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या फोकसचे अनेक फोटो जोडून एक करताना, तर विचारूच नका. सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम किंचित लहानमोठी करून एकावर एक बसवतं, त्यामुळे एकाच कणाची ठिपक्यांची रांग तयार होते. मधमाशीच्या पंखातल्या नाजूक शिरांवरून ती रांग गेली की हाताने काढणं म्हणजे निव्वळ छळ. म्हणून हे सगळं सामान मी आवडीने जमवलं, वापरलं, आणि त्यावर माझी ठाम मतं आहेत.

सगळ्यात आधी ब्लोअर. रबरी फुगा आणि पुढे नळी, एवढीच वस्तू. पण फरक झडपेत आहे. चांगल्या ब्लोअरला मागे हवा आत घेणारी वेगळी झडप असते. फुगा दाबला की हवा नळीतून बाहेर जाते आणि सोडला की मागून आत येते. झडप नसलेला स्वस्त ब्लोअर हवा नळीतूनच परत ओढतो, म्हणजे आत्ता उडवलेली धूळ पोटात घेतो आणि पुढच्या दाबाला सेन्सरवर फेकतो. माझ्याकडे जिओटोसचा रॉकेट आहे, मोठ्या आकाराचा. लहान आकार पिशवीत छान बसतो, पण त्याच्या हवेत दम नसतो. विकत घेताना आधी फुगा दाबा, मग नळीचं टोक बोटाने बंद करून फुगा सोडा. टोक बंद असतानाही फुगा भरभर फुगला तर झडप आहे. नवीन ब्लोअर आधी बाहेरच भरपूर वेळा दाबून घ्या, कारण आतली रबराची भुकटी सुरुवातीला निघते.

कॅमेऱ्याचं तोंड खाली करून फुंकायचं, म्हणजे सुटलेला कण खाली पडतो. नळी माउंटच्या, म्हणजे लेन्स बसते त्या तोंडाच्या, आत न्यायची नाही. दाबाखाली भरलेल्या हवेचे डबे सेन्सरसाठी पूर्ण वर्ज्य. त्यातला द्रव थेंबाथेंबाने काचेवर उडतो आणि मग डाग धूळ परवडली म्हणायला लावतो. तोंडाने फुंकणंही तसंच, थुंकीचे कण जातात.

भिंग मात्र घेऊ नका. सेन्सर बघायची दिव्यांची भिंगं मिळतात, व्हिजिबल डस्टची चांगली आहेतही, पण तेच काम एक फोटो करतो. आयएसओ १००, एफ/१६, फोकस मुद्दाम हलवलेला, समोर कोरं आकाश किंवा पांढरा स्क्रीन. शटर मंद झालं तरी चालतं, उलट कॅमेरा थोडा हलवा. स्क्रीनवरचे बारकावे पुसले जातात, धूळ तिथेच राहते. मग कॉन्ट्रास्ट वाढवून बघा. कण शोधताना एक लक्षात ठेवा: कॅमेरा सरळ धरून समोरून सेन्सरकडे पाहिलं तर फोटोत वर डावीकडे दिसलेला डाग सेन्सरवर खाली डावीकडे असतो. फक्त वरखाली उलटतं, डावं-उजवं तसंच राहतं.

ब्लोअरने न निघणारा चिकट कण किंवा तेलाचा डाग असेल तरच स्वॉब, म्हणजे द्रव लावून काच पुसायचं कापडी टोकाचं चपटं पातं. इथे स्वस्त-महाग यापेक्षा माप महत्त्वाचं. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या मापाचा सेन्सर ३६ × २४ मिमी, म्हणून स्वॉब २४ मिमी रुंद. एपीएस-सी हा त्याहून लहान सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिमी, त्याला १६ मिमीचा. रुंदी सेन्सरच्या उंचीइतकी असली की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच ओढ पुरते, मग स्वॉब उलटून दुसऱ्या बाजूने परत, आणि तो टाकून द्यायचा. वापरलेला स्वॉब पुन्हा फिरवणं म्हणजे उचललेला कण काचेवर घासणं. बंद पाकिटातले, स्वच्छ खोलीत भरलेले बिननावाचे स्वॉब मला नामांकितांइतकेच बरे वाटले. फक्त पात्याची कड चौकोनी आणि सरळ आहे ना, हे उजेडात धरून बघते. कड वाकडी असेल तर कोपरे सुटतात आणि नेमके तिथेच डाग उरतात.

द्रवात मात्र काटकसर करत नाही. एक्लिप्ससारखं मिथेनॉलवर आधारलेलं द्रव लगेच उडून जातं, ओघळ उरत नाहीत. औषधाच्या दुकानातल्या ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बाकीचं पाणी असतं, त्याचे पट्टे उमटतात. स्वॉबच्या कडेवर एक-दोन थेंब बस. निथळणारा स्वॉब काचेच्या कडांमधून आत द्रव सोडतो. बाटली चिमुकली असली तरी खूप पुरते, म्हणून तिची किंमत जड वाटत नाही. मिथेनॉल विषारी आणि ज्वलनशील आहे, खिडकी उघडी ठेवा, मुलांपासून दूर ठेवा. आणि किटबरोबर मिळणारं लेन्स पुसायचं द्रव सेन्सरवर अजिबात नको.

चिकट टोकाच्या काड्याही मिळतात, पेन्टॅक्सने आपल्या कॅमेऱ्यांसाठी अशी विकली होती. एकाच हट्टी कणासाठी ती उत्तम, टोकाने अलगद टिपून घ्यायचं, मग टोक चिकट कागदावर दाबून साफ करायचं. पण प्रत्येक काडी प्रत्येक सेन्सरच्या लेपाला चालत नाही, त्यामुळे आपल्या कॅमेऱ्याचं नाव पाकिटावर नसेल तर मी ती घेत नाही. तेलाच्या डागावर तिचा उपयोगही नाही. ब्रशबद्दल माझं मत वाईट आहे: केसांना एकदा ग्रीस लागलं की तो सगळीकडे फासत सुटतो.

बॅटरी पूर्ण भरलेली हवी आणि डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर मेनूतला क्लीनिंग मोडच वापरायचा, बटण दाबून शटर उघडं धरायचा बल्ब मोड नव्हे; मधेच चार्ज संपला तर आरसा स्वॉबवर आपटतो. सेन्सर हलवून कंप थांबवणाऱ्या मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) काच हाताखाली सरकते, तिथे दाब आणखी हलका ठेवा आणि आधी मॅन्युअल वाचा, कारण प्रत्येक कंपनीची सूचना वेगळी असते.

आज नव्याने घ्यायचं झालं तर मी झडपवाला मोठा ब्लोअर, मापाचे मोजकेच स्वॉब आणि द्रवाची सर्वांत लहान बाटली एवढंच घेईन. दहा वस्तूंचं रंगीत किट तिथेच ठेवून देईन, कारण त्यातला ब्लोअर बहुधा बिनझडपेचाच निघतो.