छापखाना, पण वाचणारा

मी 29 वर्षं हॉस्पिटलात सिस्टर होते. शिक्षण मिरजेच्या वॉनलेस मिशन हॉस्पिटलात, नोकरी बहुतेक कोकणातच. निवृत्त झाले आणि आमच्या ख्रिस्ती परिचारिकांच्या त्रैमासिकाचं संपादन गळ्यात पडलं. लेख मागवणं, नाव झाकून दोन जाणकारांकडे तपासायला देणं, परत आलेल्या लेखावरून रुसलेल्या लेखिकेची समजूत काढणं, शेवटी गठ्ठे पोस्टात नेणं, सगळं मीच करते. 32 पानं, 400 प्रती.

आधी शहरातल्या एका मोठ्या प्रेसमध्ये अंक छापायचो. कागद गुळगुळीत, काम वेळेत. पण मजकूर कुणी वाचायचं नाही. 12 मेला नाइटिंगेलबाईंचा जन्मदिवस, म्हणजे परिचारिका दिन. त्या अंकाच्या मुखपृष्ठावर 'शुश्रूषा'चं 'सुश्रुषा' झालं. आयुष्यभर जे काम केलं त्याचंच नाव चुकलेलं!

दोन वर्षांपासून वेंगुर्ल्याच्या बाजारातल्या एका लहानशा छापखान्यात काम देते. एक ऑफसेट मशीन, दोन संगणक, दारात चपलांचा ढीग. मालक काका तोंडाने फटकळ, हिशोबाला चोख. संगणकावर बसणारी मुलगी मात्र टाइप करता करता वाचते, आणि या परीक्षणाचं कारण तीच.

मागच्या अंकात थायरॉइडवर लेख होता. गोळीचं प्रमाण 50 मायक्रोग्रॅम. लेखिकेने मायक्रोचं चिन्ह सिम्बॉल फाँटमध्ये टाकलेलं. त्या फाँटमध्ये ते ग्रीक अक्षर उमटवायला इंग्रजी एमचीच कळ दाबतात. सगळा मजकूर एका फाँटमध्ये घेतला की ग्रीक अक्षर जातं आणि एम उरतो. मायक्रोग्रॅमचं मिलिग्रॅम! हजारपट! मी प्रूफ दोनदा वाचलं होतं, हिरव्या पेनाने सही करून दिलं होतं. रात्री साडेनऊला त्या मुलीचा फोन: "बाई, माझ्या आवशीच्या बाटलीर मायक्रो लिवलेला आसा, हय मिली कित्याक?"

मी चष्मा लावून पान 11 उघडलं आणि घाम फुटला. आमचे अंक वॉर्डातल्या टेबलावर पडलेले असतात, शिकणाऱ्या मुली त्यातून वह्यांत उतरवून घेतात. तेव्हापासून आमच्याकडे 'मायक्रोग्रॅम' पूर्ण अक्षरांत, चिन्ह बंद. अर्ध्याला 0.5, नुसतं टिंब आणि पाच नाही. आणि एकाला 1, त्यापुढे टिंब-शून्य नको. टिंब पुसट छापलं गेलं की दहा होतात.

हीच मुलगी चिंतनाच्या पानालाही सोडत नाही. येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, त्यावर तिचा प्रश्न, "द्राक्षाचो ज्यूस जखमेक?" वाइन म्हणून सांगितल्यावर, "मगे वाइनच लिवा." शब्द मी बदलला नाही, पवित्र शास्त्रातला आहे. खाली एक ओळ टीप मात्र घातली.

आता तक्रारी. मेमध्ये बाइंडिंगचा पोरगा मामाकडे आंब्याच्या पेट्या भरायला जातो, म्हणून परिचारिका दिनाचा अंक 19 मेला हातात आला. दुपारी एक ते चार फोन उचलत नाहीत, उचलला तर आवाज झोपेतला. ऑगस्टच्या अंकाचं मुखपृष्ठ दमटपणाने पापडासारखं वळलं, आणि खाऱ्या हवेत दोन महिन्यांत पिना गंजून मधल्या पानांवर तांबडे डाग पडले. काका म्हणाले, "समुद्राक सांगा." पुढच्या खेपेला पिनांची तार मात्र त्यांनी बदलली.

प्रत साधारण 27 रुपयांना पडते, शहरापेक्षा दोन रुपये जास्त. मी देते. पुस्तिका, स्मरणिका, औषधांची माहितीपत्रकं असं काही छापायचं असेल तर जरूर जा. मेचा अंक असेल तर मजकूर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच द्या, पोरगा आंब्याला जायच्या आत. आणि पिना कुठल्या तारेच्या ते आधी विचारा.