द्विशिक्षकी शाळेसाठी मोठा टीव्ही की दहा टॅब?

करमाळा किंवा सांगोला तालुक्यातील वस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत बसते. अशा शाळेला लोकवर्गणीतून एकच खरेदी शक्य असेल, तर भिंतीवरचा स्मार्ट टीव्ही घ्यावा की आठ-दहा टॅब, हे शाळा व्यवस्थापन समितीला ठरवावे लागते. (प्रोजेक्टरचा विचार सोडलेला बरा, त्यासाठी खोली अंधारी करावी लागते आणि सोलापूरच्या एप्रिलमध्ये पत्र्याखाली खिडक्या बंद करून मुलांना बसवणे शक्य नाही.)

टीव्ही एकदा भिंतीला लावला की हातातून पडत नाही, शिक्षकांना त्यासाठी फारसे नवे शिकावे लागत नाही आणि हृदयाचे कार्य सगळी मुले एकत्र पाहतात, एकत्र प्रश्न विचारतात. सहावी-सातवीच्या स्वतंत्र वर्गांना म्हणूनच तो सोयीचा आहे. जोडवर्गात, म्हणजे दोन इयत्ता एकाच खोलीत बसतात तिथे, मात्र तो एका वेळी एकाच इयत्तेशी बोलतो आणि तिसरीचा भागाकार पडद्यावर असताना चौथीची मुलेही वही सोडून तिकडेच पाहत राहतात. टॅब असतील, तर शिक्षक तिसरीला शिकवत असताना चौथीचे दोघे-दोघे मिळून आपला सराव करू शकतात.

माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. हा कोड मुलाला थेट त्याच्या धड्यापर्यंत नेतो, पण तो वाचायला कॅमेरा असलेले साधन हाताशी लागते. भिंतीवरच्या टीव्हीसमोर पुस्तक धरून भागत नाही. रेंज नसलेल्या वस्तीवर शासनाच्या दीक्षा या शैक्षणिक ॲपमधील पाठ आधी उतरवून ठेवता येतात.

दहा टॅबचे चार्जर मिळून साधारण एका टीव्हीइतकीच, म्हणजे १०० वॅटच्या आसपास वीज घेतात. फरक इतकाच की टॅब वीज असेल तेव्हा चार्ज करता येतात आणि टीव्ही मात्र ऐन तासाला बंद पडतो. टॅबची बॅटरी काही वर्षांत उतरते, काच फुटते, आणि फुटण्याच्या धास्तीने ते कपाटातच राहतात, हा दोष मोठा आहे. मुलांच्या हाती देण्याची तयारी नसेल, तर सरळ टीव्हीच घ्यावा.

जोडवर्गासाठी माझा कौल टॅबला आहे. मात्र दहाऐवजी आठच घेऊन उरलेल्या पैशांत जाड कव्हर आणि हेडफोन घ्यावेत, कारण एका खोलीत चार टॅब एकाच वेळी बोलू लागले, तर शिक्षकांचा आवाज तिसरीपर्यंत पोहोचणारच नाही.