सुझुकी की गायकी? लेकराच्या हाती व्हायोलिन देताना

आमची पोरगी सात वर्षांची असताना एकादशीच्या भजनातली पेटी ऐकून घरी तेच गुणगुणायची, तेही पट्टी न सोडता. असं लेकरू घरात असेल आणि वाद्य व्हायोलिनच ठरलं असेल, तर शिकवायचं कसं, यावर बरीच डोकेफोड होते. परभणीत बसून आम्ही दोन्ही वाटा चालून पाहिल्या: सुझुकी पद्धत, आणि गळ्यातलं गाणं वाद्यावर उतरवणारी आपली गायकी.

जपानी व्हायोलिन शिक्षक शिनिची सुझुकींचं म्हणणं साधं आहे. मूल मातृभाषा ऐकून शिकतं, वाद्यही तसंच शिकेल. रोज रेकॉर्डिंग ऐकायचं, स्वरलिपी नंतर, आणि तासाला आई नाहीतर बाप शेजारी. कानाच्या पोरांना हे पटकन लागू पडतं. ट्विंकलची धून लवकरच वाजू लागली, आजी खूश. तिचा गज आजही सरळ चालतो, ते श्रेय सुझुकीच्या त्या वर्षाचंच.

शिक्षक पुण्याचे, तास मोबाईलवर. तेही निभलं असतं. मला छळलं ते तारांनी. रेकॉर्डिंगसोबत वाजवायचं तर चारही तारांचे पाश्चात्य सूर, जी-डी-ए-ई, अगदी जागेवर हवेत, आणि आमच्याकडचा एप्रिल म्हणजे लाकूड सुकून आकसणार, खुंट्या सटकणार. रात्री लावलेलं वाद्य सकाळी ढिलं. मी खुंटी दाबून पिळायचो आणि ई ची तार तटकन तुटायची. ती गावात मिळेना, मागवली की चार-पाच दिवस रियाज बंद. एका उन्हाळ्यात तीन तारा गेल्या. अर्ध्या तासातली पंधरा मिनिटं मी खुंट्यांशी झटतोय आणि पोरगी खिडकीत माकडं बघतेय, असं चाललं होतं.

मग रविवारच्या गाडीनं नांदेडला, एका गुरुजींकडे. त्यांनी पहिल्याच दिवशी तारा उतरवल्या: जी-डी-जी-डी, म्हणजे पेटीची पांढरी पाच हा सा धरून सा-प-सा-प. वरची तार ई ची डी झाली, ताण कमी. वाद्य जरा उतरलंच तर ॲपमधला तानपुरा तेवढाच उतरवायचा आणि पुढे चालू. खुंट्या अजूनही सटकतात, पण तार तुटलेली नाही.

इथं मांडी घालून बसायचं, व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलावर. अर्ध्या मापाचं वाद्य तिथवर पोहोचेना, म्हणून पायावर चादरीची घडी ठेवली. आधी गळ्यातून, मग गजातून. व्हायोलिनवादक एन. राजम यांनी गायक ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकून जी गायकी व्हायोलिनवर आणली, त्याच वाटेवरचं हे शिक्षण. आमच्या पोरीला गायला आवडतंच, त्यामुळे मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद सरकणं, तिला शिकवावी लागली नाही, असं मला तरी वाटतं. बाप आहे, थोडं वाढवून सांगत असेन.

कमी काय? सहा महिने अलंकारच, म्हणजे सा-रे-ग-मचे पलटे. पाहुण्यांना ऐकवायला काही नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेचा विषय आम्ही अजून काढलेला नाही. पाश्चात्य ग्रेडच्या परीक्षांचीही चौकशी केली होती, पण मोजक्या तुकड्यांवर वर्षभर घासायचं म्हटल्यावर पोरीनंच नाक मुरडलं.

पुढं वाद्यवृंदात वाजवायचं असेल, किंवा गावातच सुझुकीचे शिक्षक असतील, तर माझं ऐकू नका. नसतील, आणि घरात अभंग चालत असतील, तर एकदा सा-प-सा-प लावून बघा. पावसाळ्यात मात्र त्याच खुंट्या फुगून जागच्या हलत नाहीत, ते दोन्हीकडे सारखंच.